तिसऱ्या मजल्याचं कुलूप उघडलंच नव्हतं

"ताई, जरा वर या. हे बसत नाहीये."

डक्टवाल्या मिस्त्रींनी हाक मारली तेव्हा मी खाली फायर लाइनचे पाइप उतरवून घेत होते. तिसऱ्या मजल्यावर गेले. कारखान्यातून मापात बनून आलेला हवा नेणारा डक्ट पॅसेजमधल्या बीमला भिडला होता. माझ्या मॉडेलमध्ये तो बीम ४५० मिमी खोल होता. टेप लावला, तर ६०० भरला. पुढे पॅसेजची रुंदी मोजली. मॉडेलमध्ये सरळ १८०० होती, जागेवर एका टोकाला १७४० निघाली. मिस्त्रींनी काही न बोलता ओळंबा सोडला. भिंत तळापासून वरपर्यंत ३० मिमीने बाहेर झुकली होती. मॉडेलमधली भिंत मात्र अगदी ओळंब्यात होती.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. पुण्यात आमचं चौघांचं छोटं ऑफिस आहे आणि आम्ही बीआयएमचं काम करतो, म्हणजे इमारतीचं माहितीसकट त्रिमितीय मॉडेल बनवतो. त्यातली भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात. तिची जाडी, साहित्य, तिला छेदून जाणारे पाइप, सगळं तिच्यासोबत नोंदलेलं असतं. नागपूर मेट्रोसारख्या मोठ्या कामात ही पद्धत वापरली गेली, आणि आता आमच्यासारख्यांकडेही जुन्या इमारतींची कामं येतात. नव्या इमारतीत मॉडेल आधी होतं आणि बांधकाम नंतर. जुन्या इमारतीत उलटं असतं, त्यामुळे मॉडेलमधलं प्रत्येक माप सर्व्हेवर उभं राहतं. सर्व्हे खोटा असेल तर आम्ही कितीही मन लावून काम केलं तरी ते खोटंच.

ही इमारत पेठेतलं जुनं लॉज होतं. १९७०च्या दशकातलं, तळमजला अधिक तीन मजले. तिथे डोळ्यांचं हॉस्पिटल होणार होतं. लेझर स्कॅनसाठी मी एका सर्व्हे एजन्सीला १,८५,००० रुपये अधिक जीएसटीचं काम दिलं. अर्धे पैसे आधी, अर्धे फाइल मिळाल्यावर. बोलायला माणूस फार गोड होता. मशीनचे फोटो, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट, आधीच्या कामांचे व्हिडिओ, सगळं त्याने न मागता पाठवलं. आठ दिवसांत ई५७ फॉरमॅटमधली एक फाइल आली. ती उघडल्यावर इतकी स्वच्छ दिसली की आम्हाला आनंदच झाला. आमच्या मुलांनी तीन आठवडे बसून त्यावर मॉडेल केलं. क्लॅश तपासणीत, म्हणजे पाइप, डक्ट आणि बीम एकमेकांना कुठे भिडतात ते पाहताना, सगळे अडथळे सोडवून आकडा शून्यावर आणला आणि त्या मापांवर डक्ट आणि पाइप कारखान्यात टाकले.

तो बीम खोल का, तेही त्याच दिवशी कळलं. गच्चीवरची पाण्याची टाकी नंतर कधीतरी मोठी केलेली होती आणि तिच्याखालचे बीम वाढवून घेतले होते. महापालिकेच्या मंजूर नकाशात ते नाही. आमच्या "स्कॅन"मध्येही नाही. एवढं लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. खरंच स्कॅन झाला असता, तर नकाशातली चूक स्कॅनमध्ये उतरलीच कशी?

त्या रात्री ऑफिसात बसून मी पॉइंट क्लाऊड, म्हणजे त्या फाइलमधला मोजलेल्या बिंदूंचा ढग, पहिल्यांदा नीट पाहिला. म्हणजे मॉडेल करायला नाही, नुसता पाहायला. ज्यांना हे काम करून घ्यायचंय त्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचा.

लेझर स्कॅनर ट्रायपॉडवर उभा असतो आणि चहूबाजूंनी मापं घेतो, पण स्वतःच्या पायाखालचं त्याला दिसत नाही. म्हणून जिथे जिथे तो उभा राहिला, तिथे जमिनीवर एक गोल रिकामी जागा राहते. शेजारच्या स्कॅनमधून ती भरून निघते, पण खोलीच्या मधोमध एकच स्कॅन असेल तर गोल तसाच राहतो. तळमजल्यावर असे गोल मला सापडले. वरच्या तीन मजल्यांवर एकही नाही.

लॉजच्या प्रत्येक खोलीत भिंतीवर आरसा होता. आरशावर लेझर पडला की किरण परावर्तित होतो आणि मशीनला वाटतं भिंतीपलीकडे अजून एक खोली आहे. क्लाऊडमध्ये अशा भुताटकीच्या खोल्या दिसतात आणि त्या पुसाव्या लागतात. तळमजल्यावर तशा खुणा होत्या. वर काहीच नाही. वर पंखे नाहीत, लोंबणाऱ्या वायरी नाहीत, खाटा नाहीत, दाराआड लेझर न पोचल्याने राहणारी रिकामी जागा नाही. भिंतींवर छापाची रांगोळी उठावी तसे एकसारख्या अंतरावर बिंदू. तेव्हा उलगडलं. जुना नकाशा घेऊन त्रिमितीय मॉडेल केलं आणि त्याच्या पृष्ठभागावर सॉफ्टवेअरने बिंदू पेरून तो "स्कॅन" म्हणून आम्हाला विकला. म्हणजे आम्ही नकाशावरून बनवलेल्या मॉडेलवरून पुन्हा मॉडेल बनवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकांकडे रजिस्टर मागितलं. सर्व्हेची दोन माणसं सकाळी ११.१० ला आली, दुपारी ३.४० ला गेली. एकच दिवस. खोल्या ६२. स्कॅन करणं, ट्रायपॉड हलवणं, टार्गेट, म्हणजे स्कॅन एकमेकांना जोडायची खूण, दिसतंय का पाहणं, असं एका जागेला पाच मिनिटं धरली तरी पाच तासांवर जातात, आणि त्यात जिने, पॅसेज, बाथरूम धरलेलेच नाहीत. काकांनी किल्ल्यांची वहीही दाखवली. तिसऱ्या मजल्याची किल्ली त्या दिवशी कुणीच घेतली नव्हती.

खुणा आधीही दिसल्या होत्या, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. एजन्सीने दिलेल्या लेव्हलच्या, म्हणजे उंचीच्या, तक्त्यात अंगणाची उंची "समुद्रसपाटीपासून ४९७ मीटर" लिहिली होती. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. विचारलं, तर एजन्सीचा माणूस म्हणाला, "मॅडम, तो जीपीएसचा आकडा आहे, आपल्याकडे साठेक मीटरचा फरक येतोच." ते खरं आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची एका गणिती पृष्ठभागापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा एवढी कमी येते. पण मग ती समुद्रसपाटी म्हणून का लिहिली, आणि ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हल घेतल्याचं बिल कशाचं लावलं, हे मी विचारायला हवं होतं. त्याच तक्त्यात क्लोझिंग एरर, म्हणजे मोजणीची फेरी सुरुवातीच्या जागी परत आणल्यावर उरणारा फरक, ०.००० होता. अचूक तलमापनात १२ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ, एवढे मिलिमीटर चूक चालते. म्हणजे अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या फेरीला दहाएक मिमी. खऱ्या फेरीत एखाद-दोन मिमी तरी उरतातच. शून्य पाहून मी निर्धास्त झाले, तिथेच थांबून जागेवरच्या नोंदींचं मूळ लेव्हल बुक मागायचं होतं. सर्टिफिकेटवरचा मशीन नंबरही त्यानेच पाठवलेल्या फोटोतल्या नंबरशी जुळत नव्हता. तो मी नंतर ताडून पाहिला.

कच्चा डेटा मागितला तेव्हा आधी "फाइल्स फार मोठ्या आहेत", मग "हार्ड डिस्क उडाली", मग फोन बंद.

वकिलांनी सांगितलं की हे व्यवसायासाठी घेतलेलं काम आहे, म्हणून ग्राहक आयोगात टिकणं अवघड. दिवाणी दावा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार हे मार्ग उरले. दोन्ही केलेत. पण आमची वर्क ऑर्डर एका ओळीची होती, "इमारतीचा लेझर स्कॅन करून देणे". त्यात कच्च्या फाइल्स नाहीत, किती मिमीची चूक चालेल ते नाही, स्कॅन कसे जोडले त्याचा अहवाल नाही. समोरच्याचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवतो. पुन्हा बनवलेल्या डक्ट-पाइपचे ६,४०,००० रुपये आम्ही सोसले. हॉस्पिटलवाल्या डॉक्टरांचे पाच आठवडे गेले ते वेगळेच, आणि त्यांच्यासमोर उभं राहताना जी मान खाली गेली ती अजून नीट वर आलेली नाही.

आता प्रत्येक जागेवरच्या स्कॅनची मूळ फाइल वेळेच्या नोंदीसकट हातात आल्याशिवाय मी उरलेले पैसे देत नाही. शिवाय सर्व्हेअरला न सांगता स्वतः टेप घेऊन जाते आणि दहा-बारा मापं घेते. खोल्यांचे कर्ण तर नक्कीच, कारण लांबी-रुंदी नकाशावरून उचलता येते, पण खोली किती तिरकी आहे ते कर्णाशिवाय कळत नाही. बीमची खोली प्रत्येक मजल्यावर पाहते. कुलूप लावलेली खोली असेल तर ती माझ्या समोर उघडून घेते.

त्याच इमारतीचा स्कॅन आम्ही दुसऱ्या सर्व्हेअरकडून पुन्हा करून घेतला. त्यांना दोन पूर्ण दिवस लागले. फाइल आली तेव्हा ती अस्ताव्यस्त होती. खाटा, वायरी, आरशांमागच्या खोट्या खोल्या, आणि एका कोपऱ्यात चहा पीत उभे असलेले वॉचमनकाका. आधी तिसरा मजला उघडला. पॅसेजमधला बीम ५९८ मिमी दाखवत होता. मग एकेका खोलीत जाऊन जमिनीवरचे गोल शोधत गेले.