६० डॉलरचा ट्रेल कॅमेरा आणि खरजुलं अस्वल

आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात पोकोनोजच्या डोंगराळ भागात राहतो, घरामागे सरळ जंगलच आहे. काळी अस्वलं कचऱ्याचा डबा पालथा घालून जातात, म्हटलं बघू तरी कोण येतंय, म्हणून जूनच्या सुरुवातीला हा ट्रेल कॅमेरा, म्हणजे बाहेर लावून ठेवायचा आणि जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, या किमतीतले सगळे एकाच कारखान्यातून आल्यासारखे वाटतात.

चांगलं आधी. काही हललं की लगेच क्लिक करतो, फ्लॅशचा उजेड दिसत नाही म्हणून जनावर बुजत नाही, आणि दोनदा मुसळधार पावसात भिजला तरी आत पाणी गेलं नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या रात्री झाली. एक अस्वल आलं, तोंडाकडचे आणि कानांवरचे केस गायब. पण रात्रीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट आणि वर इतके खरखरीत, की कातडी आजारी आहे की उन्हाळ्यात केस गळून नवीन येतात तसलं काही आहे, काहीच कळेना. मी तर केसगळतीच धरून चाललो होतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, हे तर खरजुल्या कुत्र्यासारखं दिसतंय!" आणि झालं काय, तिचंच बरोबर निघालं. चार दिवसांनी ते भर दुपारी आलं, रंगीत फोटोत कातडी जाड, सुरकुतलेली, वर खपल्या, आणि चाल अगदी मलूल.

ही खरूजच, सार्कोप्टीस नावाच्या किडीची, जी कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना होते तीच. ती कातडीत बोगदे करते, खाज सुटते, खाजवून खाजवून केस जातात, जनावर वाळत जातं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथल्या अस्वलांत ही साथ आहे, आता आजूबाजूच्या मेरीलँड, न्यूयॉर्क, व्हर्जिनियातही दिसते. आयव्हरमेक्टिनने बरं होतं, पण जंगली अस्वल पकडून औषध देणं म्हणजे काय खेळ नाही, आणि नंतर पुन्हा लागणही होऊ शकते. काही अस्वलं औषधाशिवायही सावरतात.

गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, कळवायला घेतलं तर फोटोवर तारीख १ जानेवारी २०२०! बॅटरी बदलली की घड्याळ रिसेट होतं आणि हे मॅन्युअलमध्ये कुठेही नाही. विक्रेत्याला मेल केला, उत्तर आलं "कृपया मॅन्युअल वाचा". वा रे वा. शेवटी दुपारचे फोटो आणि माझ्या डायरीतली तारीख असं मिळून पाठवलं.

अजून एक, बॉक्समधल्या कागदावर लिहिलंय की कॅमेऱ्यासमोर मका टाका, म्हणजे जनावरं येतील. अजिबात करू नका. पेनसिल्व्हेनियात अस्वलांना मुद्दाम खायला घालणं बेकायदेशीर आहे, आणि एकाच जागी दहा अस्वलं तोंड घालायला लागली की एकाची खरूज दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही, किडे अंगावरून पडल्यावरही थंड जागी बरेच दिवस जगतात. आम्ही तर त्याच दिवशी पक्ष्यांचा दाण्याचा फीडरही काढला आणि कुत्र्याला मागच्या बाजूला सोडणं बंद केलं. माणसालाही त्याची खाज सुटू शकते, त्यामुळे कॅमेरा काढताना हातमोजे घालतो, बायको म्हणते अतिच करतोस.

रात्रीचं चित्र आणि घड्याळ यासाठी दोन स्टार कापले. नुसतं हरीण बघायचं तर घ्या, जनावराची तब्येत ओळखायची असेल तर थोडे पैसे जास्त टाकून रात्रीचं चित्र स्वच्छ येणारा घ्या. आणि हो, मेमरी कार्ड बॉक्समध्ये येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं.