प्रॉक्समॉक्स होस्टचं सी६ बंद केल्यानंतर: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

फोंड्याला आमचा औषधांचा घाऊक धंदा आहे. बिलिंग एका विंडोज व्हर्च्युअल मशीनवर, फाइली आणि बॅकअप लिनक्सच्या दोन मशीनवर, आणि हे सगळं कोपऱ्यातल्या एका छोट्या सर्व्हरवर, प्रॉक्समॉक्सखाली (एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सवरची प्रणाली). हा सर्व्हर मधूनच हँग व्हायचा. एखादं व्हर्च्युअल मशीन नव्हे, अख्खा होस्ट, म्हणजे ती सगळी मशीन पोसणारा सर्व्हरच. पिंगला उत्तर नाही, कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवाही पेटत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं की मगच सुटका. शेवटी उपाय ठरला तो सी६ बंद करणं; सी६ म्हणजे काम नसताना प्रोसेसरचा कोर (त्यातलं एकेक स्वतंत्र काम करणारं एकक) घेतो ती खोल झोप. सर्व्हर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण ही जातकुळी एका कंपनीपुरती नाही आणि नाव वाचून बाकीचे निर्धास्त होतील.

आमच्याकडे असं काही झालं की पहिला संशय लाइटवर. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते-येते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे यूपीएस बदलून पाहिला, अर्थिंग तपासून घेतलं, दमट हवेने कुठे गंज धरलाय का म्हणून रॅम आणि कनेक्टर काढून पुसले. सगळं ठीक निघालं. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक नाही. स्ट्रेस-एनजी या ताण देणाऱ्या प्रोग्रामने सगळे कोर भरून ठेवले, तापमान चढलं पण मशीन ढिम्म हललं नाही. इथेच बहुतेक जण हार्डवेअरला क्लीन चिट देऊन मोकळे होतात. पण या दोन्ही चाचण्या प्रोसेसरला क्षणभरही विश्रांती घेऊ देत नाहीत. आमचा दोष विश्रांतीतच होता.

ते कळलं वेळा जुळवल्यावर. जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदींत (लॉगमध्ये), प्रत्येक हँगच्या आधीची शेवटची ओळ शोधली. ओळी अगदी साध्या, रोजच्या, त्यात तक्रार काही नाही. पण वेळा बोलक्या होत्या. मध्यरात्रीनंतर, रविवारी, चवथीच्या सुट्टीत सगळे आपापल्या मूळ घरी गेलेले असताना, आणि दुपारी एक ते तीन, दुकानं बंद करून माणसं जेवून आडवी होतात तेव्हा. बिलिंगच्या गर्दीत एकदाही नाही. शिवाय कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग याच सर्व्हरवर होतं तोवर हा त्रास नव्हता. ते वेगळ्या डीव्हीआरवर हलवलं, सर्व्हर मोकळा झाला आणि हँग सुरू झाले.

कोरला काम नसलं की तो सी-स्टेटच्या, म्हणजे झोपेच्या, पायऱ्या उतरतो. सी० म्हणजे काम चालू. सी१ मध्ये नुसता थांबतो, लगेच उठतो. सी६ मध्ये कोर आपली सगळी स्थिती बाजूला साठवतो आणि त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. सी१ मधून उठायला दोन-चार मायक्रोसेकंद लागतात, सी६ मधून बऱ्याच प्रोसेसरवर शंभराच्या आसपास. उठण्याच्या या वाटेवर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम), बायोस, व्होल्टेज रेग्युलेटर आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) या सगळ्यांनी आपापलं काम वेळेत करावं लागतं. एकाने दगा दिला की कोर परत येत नाही. बाकीचे कोर त्याला निरोप पाठवून उत्तराची वाट बघत बसतात आणि एकेक करून अडकतात. डिस्कवर लिहायला कोणी उरत नाही, म्हणून लॉग कोरा.

हे नुसतं अनुमान राहू नये म्हणून नेटकन्सोल लावला. यात कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश डिस्कवर न जाता नेटवर्कवरून थेट दुसऱ्या मशीनकडे जातात. पुढच्या हँगच्या वेळी तिकडे आरसीयू स्टॉल या इशाऱ्याची ओळ आली, अमुक नंबरचा कोर उत्तर देत नाही म्हणून, आणि तिच्यामागोमाग इतर कोर अडकल्याचे, सॉफ्ट लॉकअपचे, इशारे. लॉग कोरा असला की लोक मदरबोर्ड बदलायला निघतात. त्याआधी नेटकन्सोल लावाच, फुकट आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे.

मग सी६ बंद केलं. यासाठी रीबूटही लागत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक कोरच्या सीपीयूआयडल फोल्डरात प्रत्येक स्टेटसाठी डिसेबल नावाची फाइल असते, तीत १ लिहिला की ती पायरी बंद. चालू सर्व्हरवर, बिलिंग न थांबवता हे करता आलं, याचं मला फार समाधान वाटलं. कोर कुठल्या पायरीवर किती वेळ असतो ते दाखवणाऱ्या टर्बोस्टॅटमध्ये सी६ चा टक्का शून्यावर आलेला दिसला पाहिजे, तो बघूनच पुढे जा.

कायमचं करायला बायोसमध्ये सी६ बंद करता येतं किंवा कर्नलला बूटच्या वेळी कमाल सी-स्टेट १ सांगता येतो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. इंटेलवर लिनक्स बहुधा इंटेल-आयडल हा स्वतःचा ड्रायव्हर वापरतो आणि त्याच्या मर्यादेचा पॅरामीटर वेगळा आहे. आणि प्रॉक्समॉक्स झेडएफएस या फाइल सिस्टमवर, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) वापरून बसवलं असेल तर बूट बहुधा ग्रब या नेहमीच्या बूटलोडरकडून नाही, सिस्टमडी-बूट या दुसऱ्याकडून होतं. तेव्हा ग्रबच्या फाइलमध्ये लिहिलेलं कोणी वाचतच नाही. ओळ कर्नलच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये घालून प्रॉक्समॉक्सचं बूट टूल रिफ्रेश करावं लागतं. रीबूटनंतर प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल उघडून आपली ओळ खरंच आली का ते बघा. नेटवरच्या निम्म्या सूचना ही पायरी सांगतच नाहीत, आणि मग 'सी-स्टेट बंद करूनही हँग होतं' असं माणूस ठरवून बसतो.

विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये हाय परफॉर्मन्स प्लॅन लावा, असा सल्लाही मिळाला होता. त्याचा इथे उपयोग नाही. आतलं मशीन रिकामं झालं की नियंत्रण केव्हीएमकडे (लिनक्स कर्नलमधल्या, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाकडे) येतं, आणि खरा कोर किती खोल जाईल ते होस्टचा कर्नल ठरवतो.

हा प्रकार नवा नाही, हे वाचून मला धीर आला. इंटेलच्या झिऑन ५५०० वर विंडोज सर्व्हर २००८ आर२ चे हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशीनची प्रणाली) होस्ट क्लॉक वॉचडॉगच्या ०एक्स१०१ कोडने पडत, मूळ कारण प्रोसेसरमधली त्रुटी होती आणि हॉटफिक्स येण्याआधीचा उपाय सी-स्टेट बंद करणं हाच. त्याच काळातल्या नेहेलम आणि वेस्टमियर या इंटेलच्या पिढ्यांवर झेनसर्व्हर या तशाच दुसऱ्या प्रणालीलाही हाच त्रास झाला. २०१३ साली इंटेलचा हॅसवेल आला तेव्हा खोल झोपेत १२ व्होल्टच्या वाटेवरची किमान मागणी ०.५ अँपिअरवरून ०.०५ वर उतरली आणि जुने एसएमपीएस त्यात टिकतील का, हा प्रश्न उभा राहिला. एएमडीचे पहिल्या पिढीचे रायझेन लिनक्सवर रिकामे असताना गोठत, म्हणून बोर्डांच्या बायोसमध्ये 'टिपिकल करंट आयडल' हा पर्याय आला. एएमडीच्या ईपीआयसी ७००२ मालिकेत तर रीसेटनंतर साधारण १,०४४ दिवसांनी कोर सीसी६ (कोरची सी६ झोप) मधून बाहेर न येण्याची नोंदलेली त्रुटी आहे. उपाय त्याआधी रीबूट, किंवा सीसी६ बंद.

आता वापराचा अनुभव. सी६ बंद केल्यापासून एकही हँग नाही. यात एक चवथ, कित्येक रविवार आणि रोजची दुपारची झोप आली. प्लगच्या मीटरवर रिकाम्या सर्व्हरचा वापर साधारण १० वॅटने वाढला, म्हणजे वर्षाला ८८ युनिटच्या आसपास. धंद्याच्या बिलात ते कळतही नाही, पण घरात लॅब चालवणाऱ्याने हिशेब करावा. पंखा किंचित जास्त फिरतो. लाइट गेल्यावर यूपीएस थोडा कमी वेळ पुरतो, आणि आमच्या पावसाळ्यात ही गोष्ट खरंच बोचते. आणखी एक: काही प्रोसेसरवर एका कोरला पूर्ण टर्बो मिळायला बाकीचे कोर खोल झोपलेले असावे लागतात, ते सुख जातं. बिलिंगमध्ये मला फरक दिसला नाही. आयडल-पोल हा पर्याय मात्र लावू नका. त्यात कोर कधीच थांबत नाही, रिकामा असला तरी गरगरत राहतो, आणि गोव्याच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ते मशीनला सोसणार नाही.

प्रॉक्समॉक्सवर मी खूष आहे. इतक्या वेळा मधेच बंद पडूनही व्हर्च्युअल मशीनचा डेटा शाबूत राहिला आणि बॅकअपवरून मशीन उभं करणं दर वेळी जमलं. तक्रार एकच: वेब पॅनेलवर सी-स्टेटबद्दल काहीच दिसत नाही, सगळं कमांड लाइनवर. ज्यांच्या दुकानात कमांड लाइनला हात लावणारं कोणी नाही त्यांनी बायोसमधूनच बंद करून घ्यावं, ते सर्वांत टिकाऊ.

मधल्या काळात बायोसचं नवं अपडेट आलं, ते घातलं. डेबियन १२ पासून मायक्रोकोडचं पॅकेज नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या भागात गेलंय, तो भाग सोर्सेसमध्ये जोडून तेही घेतलं. या दोन्हींनी मूळ दोष गेला का, हे सी६ परत चालू केल्याशिवाय कळणार नाही. काका म्हणतात, 'बिलं पडतायत ना रे? मग हात लावू नको.' त्यांचं ऐकून बिलिंगच्या सर्व्हरला हात लावलेला नाही. त्याच मॉडेलचा दुसरा एक सर्व्हर सुटा मिळालाय. तो सी६ चालू ठेवून, रिकामा, नेटकन्सोल जोडून गोदामात ठेवलाय. तो पुढचा पावसाळा असाच निभावला तरच दुकानातल्या सर्व्हरवरची सी६ ची बंदी काढेन.