लांब पल्ल्यासाठी रेवाल चालीचा घोडा: मारवाडी, काठेवाडी की भीमथडी?

एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारीची स्पर्धा. तिच्या ४० किलोमीटरच्या फेरीत घोडा सगळ्यांच्या पुढे आला आणि नाडी वेळेत मिनिटाला ६४ ठोक्यांवर उतरली नाही, तर तो बाद. पुढे जनावरांचे डॉक्टर अंगातलं पाणी, पोटाचे आवाज आणि चाल तपासतात. त्यामुळे येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात कानांची कमान नि रंग यांवर भाव चढत असला, तरी तुमची नजर खुरांवर आणि श्वासावर हवी.

रेवालमध्ये चारही खूर एकामागोमाग टेकतात आणि घोडा जमिनीपासून पूर्ण सुटत नाही. दुडकीसारखे हिसके बसत नाहीत, म्हणून तीन-चार तासांनीही स्वार खोगिरावर सैल पडून घोड्याची पाठ दुखवत नाही. हा फायदा मोठा आहे. पण चाल उपजत हवी. काटेरी लगामाने मान वर ओढून बसवलेली रेवाल पाठ खोल करते, आणि असा घोडा पंधरा-वीस किलोमीटरनंतर ताठरतो.

मारवाडी साधारण ६० ते ६४ इंच उंच. टांग लांब, भारी स्वारालाही पेलतो. अडचण अशी की बाजारातले बरेच मारवाडी मिरवणुकीसाठी नि नाचकामासाठी तयार केलेले, खाऊन फुगवलेले असतात. ती चरबी उन्हात उष्णता धरून ठेवते आणि नाडी उतरत नाही. तीन-चार महिने नुसत्या चालीवर काढायची तयारी असेल तरच घ्या.

काठेवाडी ५६ ते ६० इंच, अंगाने आटोपशीर, लवकर थंड होणारा. नाशिकच्या उन्हाला आणि त्र्यंबककडच्या खडकाळ चढांना आमचा कौल यालाच. मात्र स्वार, खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये: ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो.

भीमथडी धनगरांच्या तळामागे चालून काटक झालेला, पण ठेंगणा आणि सहसा रेवाल नसलेला. हलक्या, शिकाऊ स्वाराला छोट्या पल्ल्यासाठी ठीक.

घेण्याआधी काटेरी लगाम उतरवून साधी कडी घालायला सांगा. लगाम सैल सोडून मुरुमाच्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवा आणि टापा ऐका. चार सारखे ठोके आले तर रेवाल खरी. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडून दोनच ठोके येत असतील, तर दगडधोंड्यांत तो अडखळणार. उतरल्यावर दहा मिनिटांनी नाडी मोजा. इतक्या हलक्या कामानंतरही ६४ च्या वर असेल तर कसून चौकशी करा.

मग हातात दोरी धरून ४० मीटर दुडकीने पळवा. तपासणीत हेच करावं लागतं, आणि फक्त रेवाल येणारा घोडा इथे चाल मिसळतो; लंगडतोय अशी शंका येते. ही दुडकी आधीच शिकवावी लागते.

रेवालमध्ये मागचा खूर पुढच्या टाचेवर आपटू शकतो, म्हणून पुढच्या पायांना रबरी टाचपट्टे घाला. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला. खुराचं टोक लांब ठेवून चाल देखणी करणाऱ्या नालबंदाला नकार द्या, कारण पाय उशिरा उचलला जाऊन कंडरा ताणते. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट टाळा, चिखल नाल ओढून घेतो.