टॅपेट सेटिंग नसलेल्या इंजिनाचे सेटिंगचे पैसे

मारुती ८००चे टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातला गॅप, मी कित्येक वर्षं लोकमान्य नगरच्या अंगणात स्वतःच सेट केले. रात्रभर थंड झालेलं इंजिन, सकाळी हेडकव्हर काढायचं, एकेका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटले की लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा. गॅप मोजायच्या फीलर गेजची पात ओढताना किंचित अडखळली पाहिजे. थोडा आवाज चालेल, पण घट्ट नको, कारण व्हॉल्व्ह पुरता मिटला नाही तर जळतो. हे मला वडिलांनी शिकवलं. इतकं सगळं येत असूनही मी फसलो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आता गाडी आहे २०१३ची स्विफ्ट डिझेल. १२४८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. वरून टकटक येऊ लागली. रिंग रोडवरचा गॅरेजवाला मराठी बोलणारा, मराठी कमीच कानी पडणाऱ्या आमच्या शहरात तेवढ्यानंही माणूस विश्वास टाकतो. कान लावून म्हणाला, "काका, टॅपेट वाजून राहिलेत. आत्ता नाही केलं तर हेड जाईल."

"अरे, यात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत ना? ते गॅप स्वतःच भरतात."

"हायड्रॉलिकलाही सेटिंग असतं काका. आणि लिफ्टर गेलेत, सोळाच्या सोळा."

हे अर्धं खरं आहे, आणि तिथंच मी अडकलो. काही जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत रॉकरचा नट गॅप शून्य होईपर्यंत आणून वर थोडा आणखी आवळतात. माझ्या इंजिनात असा नटच नाही. लिफ्टरच्या आत ऑइल दाबानं भरतं, छोटी गोळी वाट बंद करते आणि गॅप आपोआप भरून निघतो. माणसानं फिरवायचं असं काही उरतच नाही.

तीन तासांत गाडी तयार. मजुरी ३५०० आणि १६ नग लिफ्टरचे ११,२०० रुपये. कच्ची चिठ्ठी, तीवर गाडीचा नंबरही नाही. जुने पार्ट मागितल्यावर तेलकट पिशवी हातात दिली. आवाज खरंच बंद होता, म्हणून मी पिशवी न उघडता डिकीत टाकली. ती तिथेच उघडायला हवी होती.

महिन्याभरात टकटक परत आली. या वेळी आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. गाडीखाली वाकून पाहिलं तर ऑइल काढायच्या ड्रेन प्लगपाशी ओल. ऑइल कमी झालं की पंप हवाही ओढतो, लिफ्टरमध्ये हवा शिरली की ते दबतात आणि वाजतात. त्यानं फक्त ऑइल भरून दिलं होतं!

मग पिशवी उघडली. आत वाटीच्या आकाराचे टॅपेट, भलत्याच इंजिनाचे. माझ्या इंजिनातले लिफ्टर बारीक, बोटाच्या पेरासारखे, रॉकरच्या एका टोकाखाली बसतात. त्यांच्यापर्यंत पोचायला इंजेक्टर काढावे लागतात, टायमिंग लॉक करून व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमशाफ्टचं अख्खं घर उतरवावं लागतं आणि बसवताना नवं सीलंट लावावं लागतं. माझ्या इंजिनात बोल्टांवरचा जुना मळ जसाच्या तसा, सीलंटची कड जुनी, वाळलेली. पाना लागल्याची एक खूणही नव्हती.

पिशवी घेऊन गेलो. "पोरानं दुसरी दिली असेल काका," एवढंच उत्तर. बोल्टांचे फोटो दाखवल्यावर मजुरी परत केली. ११,२०० गेले ते गेलेच. पक्क्या बिलावर पार्ट नंबर असता तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तरी नीट तक्रार मांडता आली असती.

ड्रेन प्लगचं वॉशर बदललं, ऑइल आणि फिल्टर नवे घातले. सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद आवाज येतो, तेवढा चालतो, रात्रभरात लिफ्टरमधलं ऑइल थोडं उतरतं. परवा शेजारच्या वहिनींच्या स्विफ्टला त्याच दुकानात लिफ्टरचा खर्च सांगितला. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलो आणि त्यांच्याच हातात डिपस्टिक दिली. टोकालासुद्धा ऑइल लागलेलं नव्हतं.