फायबरचे नऊ महिने: लाल दिवा आणि उणे २८

जूनमध्ये मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत फायबर इंटरनेटची लाइन आली, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर. आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून लिहायला बसले.

पहिले अडीच महिने छान गेले. फाइल उतरवताना १२ च्या पुढे आकडा जात नाही म्हणून नवऱ्याने कटकट केली, पण तो हिशेब बरोबरच होता. प्लॅन बिट्समध्ये मोजतात, फाइल बाइट्समध्ये, आणि ८ बिट्सचा एक बाइट. १०० भागिले ८, साडेबारा. वायफायची दोन नावं दिसतील, त्यातलं २.४ गिगाहर्ट्झवालं भिंतीपलीकडे जातं, ५ वालं हॉलपुरतं पण वेगवान. एवढं पुरे.

मला लिहायचंय ते लाल दिव्याबद्दल. गणपतीत मखराला जागा हवी म्हणून टीव्हीचं शोकेस भिंतीला पार चिकटवलं. त्यानंतर फायबर ज्याला जोडतात त्या राऊटरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा अधूनमधून लाल लुकलुकायला लागला. एलओएस म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. मुलीचा क्लास मध्येच तुटायचा, सासूबाईंची मालिका गोल फिरत बसायची. हेल्पलाइनवर दर वेळी एकच उत्तर: "मॅडम, राऊटर बंद करून चालू करा." ऑक्टोबरात त्यांनीच सुचवलं, घरात मोबाइल जास्त आहेत, २०० चा प्लॅन घ्या. घेतला. महिना ३०० रुपये जास्त, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४. तीन महिन्यांचे १०६२ रुपये. दिवा लालचा लालच.

तोवर माझं मत पक्कं झालं होतं: कंपनी बदलायची. डिसेंबर अखेरीस दुरुस्तीला एक मुलगा आला. त्याने हिरव्या टोकाची वायर डब्यातून काढून हातातल्या मीटरला लावली. उणे २८. "ताई, लाइट कमी येतोय," म्हणाला आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन शोकेसमागे वाकला. पाय आणि भिंतीच्या मध्ये वायर काटकोनात चेपली होती. काचेच्या बारीक तारेतून प्रकाश जातो. ती अशी दुमडली की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. त्याने वायर सोडवली, बशीएवढं सैल वेटोळं केलं, परत मीटर लावला. उणे २०.

हा आकडा उणेमध्ये असतो, शून्याकडे जितका सरकेल तितका बरा. साधारण उणे २७ च्या खाली गेला की डबा धड चालत नाही. आणि दर ३ ने घसरला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे आमच्याकडे पोचायला हवा त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी प्रकाश पोचत होता, बाकीचा त्या एका दुमडीत वाया जात होता. प्लॅन २०० चा घ्या नाहीतर ५०० चा, त्याने काय होणार?

तेव्हा मत बदलते: लाइन चांगली आहे, त्या दिवसापासून एकदाही तुटली नाही. कंपनी बदलत नाहीये, प्लॅन परत १०० वर आणला. पण हेल्पलाइनला एक स्टारही देणार नाही. हाच आकडा ऑफिसात बसूनही दिसतो, असं त्या मुलानेच सांगितलं. तीन महिने मी फोन करत होते, कोणी बघितला नाही. उलट महागडा प्लॅन गळ्यात मारला. १०६२ रुपये परत मागितले, तर "नियमात बसत नाही".

तुम्ही तरी तक्रार करण्याआधी हे बघा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (आमच्या डब्याचा पत्ता हा आहे, तुमचा, पासवर्डसकट, डब्याखालच्या स्टिकरवर असेल) आणि ऑप्टिकल पॉवर शोधा. तो आकडा फोनवर आधी सांगा, मग बाकीचं बोला. मी दर एक तारखेला वहीत लिहून ठेवते.

शोकेस आता भिंतीपासून चार बोटं लांब आहे. सासूबाईंना हॉल लहान वाटतो, पण ते हलणार नाही. यंदा मखर खिडकीपाशी.