850 रुपयांचा ट्रान्झिस्टर रेडिओ, तीन महिने रोज वापरून

ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, घ्या. पण मोठ्या सेलचाच घ्या, चार्जिंगवाला नको, आणि पैसे देण्याआधी दुकानातच मीडियम वेव्ह, म्हणजे आकाशवाणीची जुनी केंद्रं लागतात तो बँड, लावून बघा, फक्त एफएम लावून दाखवतात त्यावर जाऊ नका. बाकीचं ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढे वाचा, जरा मोठं झालंय.

सप्टेंबर 2025 च्या शेवटी मराठवाड्यात पूर आला तेव्हा तीन रात्री माझ्या हातातून मोबाईल सुटला नव्हता. आमचं घर औसा तालुक्यात, मी पुण्यात नोकरीला. मांजरा, तेरणा दोन्ही नद्या भरून वाहत होत्या, सोयाबीन पाण्याखाली, गावात लाइट नाही, टॉवर बंद, आईचा फोन लागत नाही आणि मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ, वाहून चाललेली जनावरं, छपरावर बसलेली माणसं, कुठल्या गावाचं आहे कळत नाही, ह्या वर्षीचं आहे की जुनं तेही कळत नाही, त्यातच मधे गाझाचं, मधेच कुणाचातरी मेकअप, मग परत पाणी. ऑफिसात एक्सेल उघडून बसायचे आणि एकपण आकडा डोक्यात शिरायचा नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन लागला. ती शांत होती. म्हणाली, अगं शेजारच्या आबांच्या रेडिओवर आदल्या दिवशीच सांगितलं होतं धरणातून पाणी सोडणार म्हणून, आम्ही धान्य माळ्यावर टाकलं आणि शाळेत गेलो. म्हणजे मी पुण्यात फोर जी घेऊन बसले होते आणि मला काहीच माहीत नव्हतं, आणि आबांच्या त्या जुन्या डब्याला सगळं माहीत होतं. त्याच शनिवारी रेडिओ घ्यायला तपकीर गल्लीत गेले, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात.

तिथे दोन-तीन दुकानांत विचारलं. एकाने ब्लूटूथ स्पीकरच पुढे केला, ताई यात एफएम आहे की. मला मीडियम वेव्ह पाहिजे म्हटल्यावर त्यांनीच पलीकडच्या एका वयस्कर काकांकडे पाठवलं. काकांनी काउंटरखालून खोका काढला, वरची धूळ पुसली आणि सेल घालून स्वतः लावून दाखवला. तीन बँड आहेत, एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह. दोन मोठे सेल लागतात. वर एरियल, बाजूला दोन गोल बटणं, एक आवाजाचं आणि एक स्टेशनचं, संपलं. कंपनी कुठलीतरी लोकल आहे, नाव लिहून उपयोग नाही, पुढच्या वेळेला दुसऱ्याच नावाने येईल असं काकाच म्हणाले. 900 सांगितले, 850 ला दिला.

आता वापराचं. काकांनी एक गोष्ट शिकवली ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. एरियल फक्त एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असतो. मीडियम वेव्हसाठी आत एक काळी कांडी असते तारा गुंडाळलेली, म्हणून मीडियम वेव्ह लागत नसेल तर एरियल वरखाली करत बसायचं नाही, अख्खा रेडिओच फिरवायचा. मी खिडकीच्या कट्ट्यावर थोडा तिरका ठेवते, तिथे आकाशवाणी पुणे 792 वर एकदम स्वच्छ लागतं. पण स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब लावली की खरखर सुरू, मोबाईलचा चार्जर जवळ असेल तर त्याहून जास्त. म्हणून सकाळी मी ट्यूब लावतच नाही, खिडकीतून जेवढा उजेड येतो तेवढ्यात कणीक मळते. माझी रूममेट आधी वैतागायची, आता तीपण अंधारातच चहा टाकते.

सकाळचं सांगायचं तर केंद्र सुरू होताना ती धून लागते, तंबोरा आणि व्हायोलिनची, ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना लगेच आठवेल. मी लहानपणी आजीच्या कुशीत ऐकलेली, तेव्हा ती म्हणजे फक्त उठायची वेळ. आत्ता रेडिओ घेतल्यावर तिच्याबद्दल वाचलं. ती धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. 1907 मध्ये कार्ल्सबादला जन्मलेला ज्यू माणूस, तो भाग आता चेक देशात आहे. नाझी आले तशी युरोपात ज्यूंना जागा उरेना आणि हा 1934 मध्ये मुंबईला आला, पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर संगीताचं काम बघायला लागला, 1946 पर्यंत इथेच होता. हे वाचलं त्या दिवशी मी लाटणं खाली ठेवून तशीच उभी राहिले. आपलं सगळ्यांचं सकाळचं उठणं, दूधवाला, बंब पेटवणं, शाळेची घाई, ह्या सगळ्याच्या मागे जे सूर होते ते घरदार सोडून आलेल्या एका माणसाने दिलेत. आणि आपण त्याला परका म्हणून कधी ऐकलंच नाही, ते आपलंच होतं.

तेव्हापासून बातम्यांत निर्वासित हा शब्द आला की मला आधी ती धून ऐकू येते. 2024 च्या शेवटी जगात घरातून उठवलेली माणसं बारा कोटींच्या वर होती, महाराष्ट्राची जवळपास तेवढीच लोकसंख्या. मोबाईलवर हा आकडा कितीदा बघितला असेन, बघितला की पुढे जायचे.

6:55 ला संस्कृत बातम्या, 7:05 ला पुण्याहून प्रादेशिक बातम्या. दहा मिनिटं. माझ्या साधारण पाच पोळ्या होतात तेवढ्यात. ह्या रेडिओची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, बातम्या संपतात. निवेदिका म्हणते बातम्या संपल्या आणि खरंच संपतात, पुढे गाणं किंवा शेतीचं काहीतरी लागतं. मोबाईलवर बातम्या कधी संपल्याचं मला आठवत नाही, तिथे आपणच थकून थांबतो आणि थांबल्याचं वाईट वाटत राहतं. रेडिओवर कुठेतरी बॉम्ब पडल्याचं ऐकते, हात पिठात असतात, स्क्रोल करता येत नाही, ते वाक्य तव्यावरची पोळी उलटेपर्यंत डोक्यात राहतं. काही जण म्हणतील की पोळ्या करताकरता ऐकते म्हणजे हिला फरक पडत नाही. मला उलट वाटतं. पूर्वी मी एका वेळी चाळीस दुःखं बघायचे आणि एकही लक्षात राहायचं नाही, आता एक ऐकते आणि बसमध्ये स्वारगेटपर्यंत तेच डोक्यात असतं, त्या गावाचं नाव नकाशात शोधते, तिथली माणसं काय खातात ते वाचते.

रात्री शॉर्टवेव्ह. इथे धीर पाहिजे. बटण केसाएवढं फिरवलं तरी स्टेशन पळतं, काटा जिथे दाखवतो तिथे ते नसतंच. पण अंधार पडल्यावर लांबची स्टेशनं चांगली लागतात, कारण ह्या लहरी वर आकाशातल्या थरावर आपटून परत खाली येतात आणि रात्री ते जास्त नीट होतं. चिनी रेडिओ सगळ्यात जोरात येतो. बीबीसीचं इंग्रजी कधी येतं कधी विरतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी फराळाचे डबे घासत होते आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्या आवाजात अल फाशेर हे नाव ऐकलं. सुदानमधलं शहर, दीड वर्ष वेढा होता आणि 26 ऑक्टोबरला पडलं. उपासमार असं म्हणाले, मग आवाज गेला, मग परत आला तोपर्यंत दुसरी बातमी सुरू. डब्यात चकल्यांचा चुरा होता. मी तो कितीतरी वेळ तसाच हातात घेऊन बसले होते.

आणि हे जुनाट यंत्र आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एक सांगायचंय. बीबीसीने अरबी रेडिओ जानेवारी 2023 मध्ये बंद केला, 1938 पासून चालू होता, पैसे वाचवायचे आणि सगळे ऑनलाइनच ऐकतात म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुदानचं युद्ध पेटलं, मे महिन्यात तिथल्या लोकांसाठी शॉर्टवेव्हवर तात्पुरती सेवा सुरू करावी लागली, आणि नोव्हेंबरमध्ये गाझासाठी मीडियम वेव्हवर. इंटरनेट, लाइट, टॉवर सगळं गेल्यावर दोन सेलवर चालणारं एवढंच उरतं. तिथली माणसं कुठल्या दवाखान्यात खाट आहे, कुठे पाणी मिळेल, कुठला रस्ता सुरू आहे हे ऐकत असणार, आणि माझी आई धान्य माळ्यावर टाकत होती. मला ह्या दोन गोष्टी आता वेगळ्या करताच येत नाहीत.

आमच्या आजीकडेपण असाच होता. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनानंतरची पहाट, किल्लारीचा भूकंप. आमच्यापासून लांब नाही. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आजी सांगायची की पत्र्याच्या शेडमधे राहताना संध्याकाळी सगळी बाया-माणसं रेडिओभोवती बसायची, आपलं नाव दिल्लीला कळलं, परदेशात कळलं, हे ऐकायला. नवीन गावं उभी राहिली त्याला जागतिक बँकेचा पैसा लागला. म्हणजे लांबच्या कुणीतरी तेव्हा आमची बातमी ऐकली होती. रूममेट कोल्हापूरची आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली आमच्या वळिवड्याला पोलंडची माणसं राहिलेली, युद्धात घर गमावलेली, बहुतेक बायका आणि पोरं, पाचेक हजार, 1943 पासून पुढची पाच वर्षं. तिच्या पणजीने त्यांना भाजी विकलेली म्हणे. त्या रात्री आम्ही दोघी बाराच्या पुढे बोलत बसलो, रेडिओ बारीक आवाजात खरखरत होता.

आता दोष, कारण आहेत. सेलचं झाकण फार तकलादू आहे, दुसऱ्याच महिन्यात कडी तुटली, मी रबरबँड लावलाय. डायलवरचे आकडे इतके बारीक की वय झालेल्यांना दिसणार नाहीत, आईसाठी मी 792 च्या जागी लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय. आवाज अर्ध्याच्या वर नेला की फाटतो. इयरफोनची पिन घातली तर एकाच कानात येतं. गजर नाही, घड्याळ नाही. सेल मात्र चांगले चालतात, रोज दोन-अडीच तास लावून पहिली जोडी दोन महिन्यांच्या वर गेली. बरेच दिवस वापरणार नसाल तर काढून ठेवा, पाझरले की आतली स्प्रिंग खराब होते, मग दुरुस्त करणारा शोधावा लागतो आणि तो आता गल्लोगल्ली मिळत नाही.

गेल्या रविवारी परत काकांकडे जाऊन अजून एक घेतला, ह्या वेळेला मीच खोकं उघडून 792 लावून बघितलं. संक्रांतीला घरी जातेय, आबांचा जुना आता बंद पडलाय आणि आई म्हणाली सेलपण चार जास्त आण, इथल्या दुकानात मोठे मिळत नाहीत.