विकर्सवाली पलटण की ब्रेनवाली तुकडी? प्रदर्शनाचा फलक ठरवताना

वरणगावच्या कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या बनतात, त्यामुळे आमच्या भुसावळ भागातल्या पोरांना काडतुसाचं फार अप्रूप नाही. गोळी झाडणारी माणसं कशी बांधली जायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. भाचीने शाळेच्या प्रदर्शनासाठी मशीनगन तुकड्यांचा विषय घेतला आणि विचारलं, "मामा, एकच फलक मिळणार आहे, विकर्सचा लावू की ब्रेनचा?" दोन्ही ब्रिटिश फौजेच्या मशीनगन: विकर्स ट्रायपॉडवरची जड, ब्रेन हलकी. असंच ठरवणाऱ्या इतरांसाठीही दोन्ही बाजू लिहितो.

1914 साली ब्रिटिशांच्या हजारभर जवानांच्या पलटणीकडे मशीनगन होत्या फक्त 2. खंदकांच्या लढाईत त्या पुरेनात, म्हणून ऑक्टोबर 1915 मध्ये स्वतंत्र मशीनगन कोर, म्हणजे फक्त मशीनगन चालवणारं दल, उभी राहिली. सुमारे 1,70,000 माणसं तिच्यात होती; त्यातली 62,000 हून अधिक मेली, जखमी झाली किंवा हरवली. शत्रू आधी मशीनगनच हेरायचा. सैनिक या कोरला 'आत्मघाती क्लब' म्हणत. 1922 मध्ये ती मोडली.

विकर्स चालवणं हे एकट्याचं काम नव्हतं. सहा जण लागत: एक नेम धरायचा, दुसरा 250 गोळ्यांचा कापडी पट्टा सरकवायचा, बाकीचे ट्रायपॉड, गोळ्या आणि पाणी वाहायचे. हो, पाणी! नळीभोवतीच्या आवरणात सुमारे 4 लिटर पाणी असे. मारा चालू राहिला की ते उकळे, आणि वाफ वर गेली की जागा शत्रूला कळे. म्हणून रबरी नळीतून वाफ एका डब्यात सोडायची आणि थंड झालेलं पाणी पुन्हा बंदुकीत ओतायचं. मे महिन्यात घरातला हंडा जपणाऱ्या आपल्या माणसांना ही काटकसर लगेच समजेल.

ब्रेनचा हिशेब उलटा. चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो इथल्या बंदुकीवरून ती घडली आणि 1938 पासून ब्रिटिश फौजेत आली. वजन 10 किलोच्या आसपास, वाकडं 30 गोळ्यांचं मॅगझिन, पाण्याची कटकट नाही. नळी तापली की दुसरी चढवायची. दहा जणांच्या तुकडीबरोबर ती धावते, पण सलग मारा केला तर मॅगझिन चार सेकंदांत रिकामं! तासन्‌तास मारा करायचा तर विकर्सच हवी. जर्मनांनी एमजी 34 आणि एमजी 42 काढून एकाच बंदुकीला दोन्ही कामं दिली. पुढे बहुतेक फौजा त्याच वाटेने गेल्या.

फलकावर फक्त यंत्र समजावायचं असेल तर ब्रेन घ्या, सोपं पडेल. माझं मत मात्र विकर्सच्या बाजूने आहे, कारण तिथे आपली माणसं आहेत. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि 1960 च्या दशकात पायदळात बदलली. माझ्या वडिलांच्या टोपीचा बिल्ला अजून घरी आहे. त्यावर ट्रायपॉडवरच्या दोन विकर्स एकमेकींना छेदतात, मध्ये खंजीर आहे. पितळ झिजलंय, पण बोट फिरवलं की नळीवरच्या खाचा लागतात.

भाचीला बिल्ला देतोय. प्रतिकृतीसाठी पीव्हीसी पाइप आणि तेलाचा रिकामा डबा पुरेल. डब्याला जोडणारी रबरी नळी तेवढी विसरू नका.